मुलांचा घोळणा वारंवार फुटतो तेव्हा

उन्हाळ्याच्या दिवसांत शाळेच्या प्रार्थनेला उभ्या असलेल्या एखाद्या मुलाच्या नाकातून एकाएकी रक्ताची धार लागते. मग धावपळ उडते. कोणी मुलाला आडवे निजवून मान मागे करते, कोणी डोक्यावर गार पाणी ओतते, कोणी कांदा हुंगवते. हेतू चांगला असला, तरी यापैकी कशानेही रक्त थांबत नाही. उलट, मान मागे केल्याने ते घशात उतरते. मुलाला ठसका लागतो, उलटी होते आणि किती रक्त गेले याचा अंदाज चुकतो.

दोन्ही नाकपुड्यांमधील पडद्याच्या पुढच्या भागात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. मुलांमधील बहुतेक रक्तस्राव येथूनच होतो. कोरडी हवा व सर्दी यांमुळे तेथे खपली धरते. मूल नाकात बोट घालते, खपली निघते आणि रक्त वाहू लागते. जागा बोटाच्या टप्प्यातली असल्यामुळे उपायही हाताशीच आहे.

मुलाला ताठ बसवून किंचित पुढे वाकवावे. नाकाचा हाडाखालील मऊ भाग चिमटीत घट्ट धरून तोंडाने श्वास घेण्यास सांगावे. घड्याळ लावून पूर्ण १० मिनिटे चिमूट सोडू नये. मध्येच सोडून पाहिल्यास गोठू लागलेले रक्त पुन्हा वाहते. तोंडात आलेले रक्त थुंकू द्यावे. त्यानंतर दिवसभर नाक शिंकरणे व दांडगाई टाळावी.

घोळणा वारंवार फुटत असल्यास ‘उष्णता’ म्हणून सोडून देऊ नये. मुलाची नखे कापावीत. डॉक्टरांच्या सल्ल्याने नाकाच्या आतील पुढच्या भागात जंतुनाशक मलम किंवा पेट्रोलियम जेली काही आठवडे लावावी. एवढ्याने न थांबल्यास नाक-कान-घसा तज्ज्ञ सिल्व्हर नायट्रेटने ती रक्तवाहिनी डागतात. पडद्याला छिद्र पडू नये म्हणून दोन्ही बाजू एकाच वेळी डागत नाहीत. ॲस्पिरिन मुलांना परस्पर देऊ नये.

काही लक्षणे मात्र गंभीर मानावीत. २० ते ३० मिनिटे दाबूनही रक्त न थांबणे, मूल दोन वर्षांहून लहान असणे, डोक्याला मार लागलेला असणे किंवा सोबत ताप असणे, अशा वेळी मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. अंगावर निळे-काळे डाग, हिरड्यांतून रक्त, कुटुंबात रक्तस्रावाचा विकार किंवा फिकटपणा आढळल्यास रक्ताची तपासणी आवश्यक आहे. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असल्यास आत मणी वा शेंगदाणा अडकलेला असू शकतो. किशोरवयीन मुलाची एक नाकपुडी सतत चोंदून रक्त येत असल्यास तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

येथे शिक्षकांचे कार्य मोलाचे आहे. घोळणा फुटल्याची तारीख, नाकपुडी व लागलेली मिनिटे वहीत नोंदवावीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ मध्ये पालघर येथे झाला. त्याच्या पथकाने शाळेला भेट दिली, की ही वही पुढे ठेवावी. ज्या मुलाचे दुखणे केवळ खपलीचे नाही, ते मूल अशा नोंदीतूनच वेळीच ओळखता येते.