गोठलेले इन्सुलिन

पाण्याचा बर्फ होतो, बर्फाचे पुन्हा पाणी होते. हा परिवर्तनीय बदल. उकडलेले अंडे मात्र पुन्हा कच्चे होत नाही, हा अपरिवर्तनीय. शाळेतला हा धडा घरात मधुमेही असेल, तर मुलांकडून फ्रीजपुढे उभे करून म्हणवून घ्यावा.

अंड्याच्या पांढऱ्या भागात असते तसे इन्सुलिन हेही प्रथिनच. बाटली फ्रीझरला टेकून गोठली आणि नंतर वितळली, तर पाणी पूर्ववत होते. प्रथिनाची मोडलेली घडी पूर्ववत होईल याचा भरवसा नाही. बाटली दिसायला चांगली, शिवाय महागाची, म्हणून लोक तीच वापरत राहतात. मग रोज सुई टोचूनही साखर चढतीच! एकदा गोठलेली बाटली टाकूनच द्यावी.

न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसला, फ्रीझरपासून दूर ठेवावी. उघडलेली बाटली साधारण २५ अंशांपर्यंत, सावलीत, बहुधा चार आठवडे चालते. वेष्टनावरची मुदत पाहावी. फ्रीज नसल्यास मडक्यात मडके ठेवून मधल्या वाळूवर पाणी शिंपडावे आणि बाटली आतल्या कोरड्या मडक्यात ठेवावी. उन्हात उभ्या गाडीत ती मुळीच विसरू नये. उष्णतेनेही इन्सुलिन बिघडते.