चौकशी नको, दोन तास द्या

रायपूरच्या पुरानी बस्तीत घराला घर लागून आहे. महामाया मंदिर, टुरी हटरीच्या आसपास कुणी अंथरुणाला खिळलं, तर भेटायला माणसं येतातच. मग एवढ्या गोतावळ्यात म्हाताऱ्यांचं करणारी सून किंवा लेक एकटी पडेलच कशी, असं इथली मराठी घरं विचारतात. अनुभवानं सांगते, पडते. येणारे रुग्णाला भेटतात आणि त्यांचा चहा तिलाच टाकावा लागतो. पडून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाशी, टाचांवर जखमा होतात. म्हणजे तिची सलग झोपही तेवढीच. ‘काळजी घे गं’ म्हटल्यानं त्यात एक मिनिटही वाढत नाही.

ताणाकडे दुर्लक्ष करू नका, कारण तो जिवावर बेततो. आजारी जोडीदाराची देखभाल करणाऱ्या अमेरिकी वृद्धांचा शुल्झ आणि बीच यांनी चार वर्षं मागोवा घेतला. १९९९ साली त्यांनी मांडलं, की ज्यांना देखभालीचा ताण होत होता त्यांचा मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी जास्त होता. देखभाल करूनही ताण नसलेल्यांत ही वाढ दिसली नाही. म्हणजे सेवा माणसाला मोडत नाही, सेवेतलं एकटेपण मोडतं, असं मी यातून समजते. न्यूयॉर्कमध्ये मेरी मिटलमन यांनी अल्झायमरच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या ४०६ जोडीदारांपैकी निम्म्यांच्या नातेवाइकांना समुपदेशनासाठी एकत्र बसवलं, पुढेही फोनवर आधार दिला. त्या घरांतले रुग्ण सुमारे दीड वर्ष अधिक काळ घरीच राहू शकले.

अमेरिकेचे दाखले आपल्याला कशाला, असं कुणी म्हणेल. पण तिथे नातेवाइकांना मुद्दाम गोळा करावं लागलं. आपल्याकडे ते ओसरीवर बसलेले असतात, फक्त त्यांना काम नेमून दिलेलं नसतं. ‘परक्या बाईच्या हाती आईला कसं द्यायचं?’ हा संकोच खरा आहे, म्हणून सुरुवात घरातूनच करा. नणंद मंगळवारी तीन ते पाच, पुतण्या रविवारची रात्र, असं कॅलेंडरवर लिहा. कूस कशी वळवायची, गोळी कधी द्यायची, हे आधी शिकवा. पुण्याच्या मुलानं औषधांचा खर्च उचलावा आणि फोनवर आईआधी वहिनीची विचारपूस करावी. वाट सुचेना तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे. आणि त्या दोन तासांत तिला किराणा आणायला धाडू नका. झोपायचं असेल तर झोपू द्या.