लशीतला 'विषाणूसारखा कण' म्हणजे काय?

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची 'सर्व्हाव्हॅक' लस द्यायचं घरात चाललंय. डॉक्टर म्हणाले, त्यात 'विषाणूसारखे कण' असतात. मग पोरीच्या अंगात विषाणूच सोडायचा का? सासूबाईंनीही हीच धास्ती घेतली आहे.
— एक आई, वारजे

उत्तर : नाही, ताई. त्या कणात विषाणू नाही, फक्त त्याचं कवच आहे. वरून नारळ, पण आत खोबरंही नाही नि पाणीही नाही. एचपीव्हीचा, म्हणजे या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या विषाणूचा, डीएनएच नसल्यामुळे हा कण शरीरात वाढूही शकत नाही आणि संसर्गही करू शकत नाही.

हे कवच तयार कसं होतं, ते मात्र ऐकण्यासारखं आहे. विषाणूच्या 'एल-१' या प्रथिनाचं जनुक यीस्टच्या पेशींत घालतात. यीस्ट प्रथिन बनवते, पुढची जुळणी प्रथिन आपली आपणच करतं. पाच-पाच रेणूंचे गट होतात आणि असे 72 गट मिळून गोल कवच उभं राहतं. एकूण रेणू 360, व्यास साधारण 55 नॅनोमीटर. एका मिलिमीटरच्या रेषेत असे 18 हजार कण मावतील! ऑस्ट्रेलियातल्या इयान फ्रेझर आणि जियान झोऊ यांनी 1991 मध्ये अशी कवचं प्रयोगशाळेत घडवून दाखवली.

सुटं प्रथिन का टोचत नाहीत? एकच आकृती ओळीनं, दाटीवाटीनं मांडलेली दिसली की आपली प्रतिकारशक्ती विषाणू आल्यासारखीच खडबडून उठते. सुट्या रेणूंची ती एवढी दखल घेत नाही.

'सर्व्हाव्हॅक' बनवणारी हडपसरची सिरम इन्स्टिट्यूट याच तत्त्वावरची आणखी एक लस बनवते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी हिपॅटायटिस-बीच्या प्रथिनाला मलेरियाच्या परजीवीचा तुकडा जोडून 'आर-२१' घडवली. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर 2023 मध्ये तिची शिफारस केली. माझ्या मते पुण्यातलं हे फार मोलाचं काम आहे.

लेकीला 15 वर्षं पूर्ण होण्याआधी 'सर्व्हाव्हॅक' दिली, तर सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस पुरतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे 70 टक्के एचपीव्ही-16 आणि 18 या प्रकारांमुळे होतात. ते दोन्ही या लशीत आहेत. उरलेल्यांसाठी तपासणी हवीच. तेव्हा तुमची तिशी उलटली असेल, तर लेकीच्या लशीबरोबर स्वतःच्या तपासणीचंही डॉक्टरांना विचारा.