प्रभुभोजनाआधी उठू नकोस

दर्यापूर,
रविवार, दुपार

प्रिय आशिष,



परवा मूर्तिजापूरच्या लग्नात पुण्याकडची आपली बरीच माणसं भेटली. पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या एकीनं सहज विचारलं, "तुमचा आशिष महिन्याच्या पहिल्या रविवारी उपदेश संपला की हेल्मेट घेऊन निघून का जातो हो?" माझ्या घशात घास अडकला. म्हटलं, ड्यूटी असेल. रविवारी सकाळी कसली ड्यूटी, हे तिलाही कळलं आणि मलाही. तेव्हापासून मला धड झोप नाही.

तू उपासना चुकवत असतास तर मी एवढी हबकले नसते. पोरं चुकवतात. पाळीची नोकरी असते, आठवड्याचे कपडे रविवारीच धुवायचे असतात, आणि नाताळ जवळ आला की पावलं आपोआप वळतात. पण येऊन बसायचं, गाणी म्हणायची, दान टाकायचं, आणि प्रभूचं मेज उघडलं की उठायचं? हा आळस नव्हे. सोळाव्या वर्षी तू स्वतः हात वर करून बाप्तिस्मा मागितलास. पूर्णा नदीला पाणी होतं तेव्हा पास्टर साहेबांनी तुला पाण्यात घेतलं, आणि तू वर आलास तेव्हा काठावर तुझे आबा आजोबा रडत होते. त्या मुलाला भाकर आणि प्याला नको झाला, हे मी कसं मानू? उठून का जातोस, आशिष?

आपलं घराणं कुठून आलं ते आबांनी तुला अंगणातल्या खाटेवर कितीदा सांगितलं असेल. १८९९-१९०० च्या दुष्काळात आबांची आजी पोरकी झाली आणि खामगावला अलायन्स मिशनच्या अनाथाश्रमात वाढली. त्याच्या थोडं आधी, १८९६-९७ च्या दुष्काळात, पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतात फिरून उपाशी मुली गोळा करत होत्या. त्या मुलींना घेऊन पुढे केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. अशा पोरींना गाव नव्हतं, गोत नव्हतं. लग्नात पाठीशी उभं राहायला कोणी नव्हतं, बाळंतपणाला बोलवायला कोणी नव्हतं. त्यांनी मंडळीलाच माहेर म्हटलं. आपल्या घरात 'मंडळी' हा शब्द अजून तसाच उच्चारला जातो. माहेरच्या पंगतीतून उठून जाणाऱ्याला कोणी ना कोणी हात धरून बसवतं. पुण्यात तुझा हात धरणारं कोणी नाही, म्हणून मी इथून लिहिते आहे.

आपल्याकडे येशूचं वर्ष आणि शेताचं वर्ष कधी वेगळं निघालं नाही. पेन्टेकॉस्ट येतो तेव्हा लोक मृगाकडे डोळे लावून असतात. त्या रविवारी बाया बियाण्याच्या पिशव्या देवळात आणून ठेवायच्या आणि पेरणीसाठी प्रार्थना व्हायची. पोळ्याला अख्खं गाव बैल सजवायचं. आबा आपली जोडी नदीवर धुवून आणायचे, तिच्या पाठीवर हात ठेवून देवाचे उपकार मानायचे, आणि मग शेजाऱ्यांच्या बैलांनाही घास भरवायचे. कापूस घरात यायला लागला की उपकारस्तुतीचा सण. तुला आठवतो तो लिलाव? कोहळं, कोंबडी, ज्वारीची कणसं, कापसाचं गाठोडं. घेणारा पैसे भरायचा आणि वस्तू परत मेजावर ठेवायचा, पुन्हा बोली लागायची. एकदा एकच अंडं फिरून फिरून विकलं गेलं, आणि शेवटी ते तू आपल्या खाऊच्या पैशात घेतलंस. घरी येईपर्यंत तुझ्या मुठीत ते गरम झालं होतं.

नाताळात वेचणी चालू असायची. बोंडांच्या टोकांनी ओरखडलेल्या हातांनी लोक रात्री टाळ, पेटी, तबला घेऊन घरोघर गायचे. नारायण वामन टिळकांनी आपल्या गाण्यांना भजन-कीर्तनाची चाल दिली, म्हणून शेजारच्या वारकरी काकूही दारात उभ्या राहून डोलायच्या. दिवाळीचा त्यांचा फराळ आपल्याकडे आलेला असायचा, त्याच ताटात आपल्या करंज्या जायच्या. पौषातल्या रविवारी सगळी आळी ऋणमोचनच्या यात्रेला निघायची. लहानपणी आबाही कोणाच्या तरी बैलगाडीत बसून जायचे, गाडगेबाबांचं कीर्तन ऐकायला. गाडगेबाबा लोकांना प्रश्न विचारून विचारून बोलायचे, आणि आबा म्हणायचे की आमोस संदेष्टा असाच बोलत असेल. मग उपवासाचे दिवस, हरभऱ्याची सोंगणी, उत्तम शुक्रवारी बारा ते तीन त्या उन्हात येशूचे सात उद्गार. आणि ईस्टरला अंधार असतानाच दफनभूमीत मेणबत्त्या.

ह्या ईस्टरला तू होतास. सकाळी आबांच्या कबरीवर मेणबत्ती लावलीस. संध्याकाळी घरच्या अंगणात तुझ्या बाबांना म्हणालास, "आबांची कमाई विकून खाल्ली तुम्ही." रात्रीची गाडी धरून गेलास, तो अजून आला नाहीस.

मी तेव्हा मध्ये पडले नाही. चार एकर विकले ते मलाही लागलं आहे. मिशनच्या नोकरीतल्या पगारातून रुपया रुपया बाजूला टाकून आबांनी ते घेतले होते. पण तुझ्या ताईचं लग्न, तीन वर्षांची नापिकी, सोसायटीचं कर्ज, हे तुझ्या बाबांनी कोणाला बोलून दाखवलं नाही, आणि तू पुण्यात असल्यामुळे तुला ते दिसलं नाही. जमीन गेली. माणूस आहे.

आता तू उठून का जातोस ते मला कळलं असं वाटतं. मत्तयाचा पाचवा अध्याय ना? भावाच्या मनात आपल्याविषयी काही असेल तर अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी समेट कर, असं जे प्रभू सांगतो ते तुझ्या मनात रुतलं आहे. तसं असेल तर वरचे माझे रागाचे शब्द मी मागे घेते. बापाशी अबोला ठेवून भाकर कशी घ्यावी, ह्याची ज्याला लाज वाटते त्याच्यात देवाचं भय जिवंत आहे. पण बेटा, तो माणूस वेदीपासून उठतो आणि भावाच्या घराकडे जातो. तू उठून खोलीवर जातोस आणि दार लावून घेतोस. पौल करिंथच्या लोकांना सांगतो की माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं. परीक्षा करून निघून जा, असं तो सांगत नाही.

आणि त्या पहिल्या रात्री मेजाभोवती कोण बसलं होतं? पेत्र कोंबडा आरवायच्या आत आपल्याला नाकारणार, हे प्रभूला ठाऊक होतं. तरी भाकर त्याच्यापर्यंत गेली. पुढे समुद्राच्या काठावर विस्तव पेटवून, मासे भाजून, त्याच पेत्राला प्रभूनं न्याहारीला बोलावलं. काही विचारायच्या आधी त्याला खाऊ घातलं. योहानाचा एकविसावा अध्याय रात्री काढून वाच.

आपल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी पिकाला देता येत नाही, मचूळ असतं. तरी हरभरा येतो, कारण पावसाळ्यातली ओल काळी माती धरून ठेवते. तू आज आबांच्या ओलीवर उभा आहेस. त्यांच्या प्रार्थना, आजीची गाणी, ह्या मंडळीत गेलेलं तुझं बालपण. पण ती ओल दर वर्षी नव्यानं मुरावी लागते.

प्रभुभोजन टाळलं की ते मनात सलत राहतं, हे मी कुठून शिकले ते कधी तुला सांगितलं नाही. अमरावतीला डी.एड. ला होते तेव्हा होस्टेलमध्ये मी ख्रिस्ती आहे हे कोणाला कळू दिलं नव्हतं. रविवारी माझं डोकं दुखायचं. एका रविवारी आबा न कळवता आले. धोतर, टोपी, कापडी पिशवीत बायबल आणि माझ्यासाठी शेंगदाण्याचे लाडू. म्हणाले, चल, आज पहिला रविवार आहे, संगतीनं प्रभुभोजन घेऊ. फाटकाशी मैत्रिणी उभ्या होत्या. मी म्हटलं, परीक्षा आहे. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अभ्यास कर, बाई. मी तुह्यासाठी देवाले सांगतो." एकटेच गेले. दुपारच्या गाडीनं परत फिरले. परीक्षा नव्हती हे त्यांना ठाऊक होतं. त्यानंतर आम्ही दोघं कितीतरी वेळा एका बाकावर बसलो, पण त्या रविवारची जागा कशानं भरली नाही. ते गेले तेव्हा मला पहिल्यांदा तेच फाटक आठवलं. तुझ्या बाबांचं आता वय झालं आहे, म्हणून लिहिते. तुला दुखवायला नाही.

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचं घर तिथेच फुटलं. लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. मधल्या वर्षांत त्या नवरा-बायकोनं काय सोसलं ते 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे. माझी प्रत तुझ्याकडेच आहे. धर्मानं फुटलेलं ते घर पुन्हा जुळलं. आपलं घर तर चार एकरांवरून अडलं आहे.

आता एक गोष्ट, जी लिहू की नको म्हणून मी सकाळपासून कागद पुढ्यात घेऊन बसले आहे. तुझे बाबाही प्रभुभोजन घेत नाहीत. ईस्टरनंतर पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. ताट त्यांच्यापर्यंत येतं आणि ते न घेता शेजारच्याकडे देतात. तुझी आई बघते, बोलत नाही. उपासना झाल्यावर प्याले धुवायला मीच असते, त्यात एक भरलेला असतो. तू तिकडे उठून जातोस, ते इकडे बसून राहतात. दोघंही त्याच एका वचनापुढे अडून बसला आहात, आणि दोघांपैकी एकालाही दुसऱ्याचं ठाऊक नाही. हे कळल्यापासून मला तुझा राग धरता येत नाही.

उपकारस्तुती ह्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे. शनिवारी मूर्तिजापूरला उतर. शकुंतला रेल्वे चालू असती तर थेट आपल्या बनोशाला आला असतास, आता एसटीच. माफी कशी मागायची ह्याची तयारी करून येऊ नकोस, तुझ्या बाबांनाही ते जमत नाही. त्यांच्यासोबत परसातलं कोहळं तोडायला जा, एकट्याला उचलत नाही आता. बाकी आपोआप होईल किंवा थोडं थोडं होईल. ह्या वेळी नाहीच जमलं तर नाताळला ये. मी रागावणार नाही. मी तुझ्या बाबांना ह्या पत्राचं काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत करीन. ताईची मुलगी तुला ओळखेल की नाही म्हणून तिला रोज तुझा फोटो दाखवते, ती त्याला मामा म्हणते. तिकिटाला पैसे कमी असतील तर संकोच करू नकोस, माझी पेन्शन आली आहे. वहिनी म्हणते तू फोनवर खोकत होतास. हळदीचं दूध घे, आणि रात्री उशिरा आलास तरी काही खाऊन झोपत जा.

तुझी,
आत्या