दूरचित्रवाणीवरील रानातले अन्न आणि माणदेशातील रानभाज्या

माण तालुक्यातील म्हसवड व त्याच्या आसपासचा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. येथील पाऊस थोडा व बेभरवशाचा असून त्यातील मोठा भाग परतीच्या पावसाचा असतो. अशा प्रदेशात दोन सरी पडून गेल्या की बांधावर, पडीत जमिनीवर व पिकाच्या ओळींत आपोआप उगवणारा पाला हा भाकरीबरोबरच्या कोरड्यासाचा पूर्वापार आधार होय. घोळ, पाथरी, तांदुळजा, टाकळा, करटोली, कडवंची ही नावे येथील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या तोंडी सहज येतात. तरुण पिढीस मात्र रानातील अन्नाची पहिली ओळख पुष्कळदा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर होते. तेव्हा या पडद्यावरून काय शिकता येते व काय शिकता येत नाही, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

पडद्यावरील रान

शेतकऱ्यांना दूरचित्रवाणी नवी नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि ‘आमची माती, आमची माणसं’ या कार्यक्रमाने शेतीची माहिती घरोघरी पोचविली. रानात निभाव कसा लावावा हे दाखविणारे कार्यक्रम मात्र परदेशातून आले. ऑस्ट्रेलियात लेस हिडिन्स या सैनिकी अधिकाऱ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील रानमेव्यावर एक मालिका सादर केली. इंग्लंडात रे मिअर्स यांची रानातील अन्नावरील मालिका २००७ मध्ये प्रसारित झाली. ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’ या मालिकेचा, पंतप्रधानांसमवेत जिम कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानात चित्रित झालेला भाग १२ ऑगस्ट २०१९ रोजी दाखविला गेला, तेव्हा हा विषय भारतातही सर्वतोमुखी झाला.

यांपैकी चांगल्या कार्यक्रमांमागे जाणत्यांचा आधार होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हिडिन्स यांच्या माहितीस तेथील आदिवासींच्या ज्ञानाची जोड होती, तर मिअर्स यांच्यासोबत गॉर्डन हिलमन हे प्राचीन वनस्पतींचे अभ्यासक होते. प्रेक्षकास मात्र पडद्यावर एक पान दिसते, ते तोंडात घातले जाते आणि चित्र पुढे सरकते. पानाचा वास, देठाचा स्पर्श, कोवळे व जून यांतील फरक या गोष्टी पडद्यावरून हाती येत नाहीत.

सरसकट नियम का फसतात

अशा कार्यक्रमांतून काही सोपे नियम प्रेक्षकांच्या मनात ठसतात. ते माणदेशातील वनस्पतींना लावून पाहिले असता त्यांतील धोका उघड होतो.

‘पांढरा चीक असलेली वनस्पती खाऊ नये’ हा पहिला नियम. पाथरीचे पान तोडताच पांढरा चीक येतो, तरी ती भाकरीबरोबर कच्चीदेखील आवडीने खातात. उलट धोतऱ्यास असा चीक नसतो, आणि त्याची कोवळी पाने तांदुळज्याच्या जुडीत चुकून मिसळल्यास तोंडास कोरड पडणे, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारणे, भ्रमिष्टासारखे बरळणे अशी लक्षणे दिसू लागतात.

‘कडू ते टाकावे’ हा दुसरा नियम. कडवंची कडू असूनही तिची कोवळी फळे भाजीस उत्तम. कोरड्या, रेताड जमिनीवर पसरणाऱ्या कडू इंद्रावणाचे फळ लहान कलिंगडासारखे दिसते. ते मात्र अत्यंत जुलाबकारक आहे. मोगली एरंडाच्या बिया चवीस वाईट लागत नाहीत. म्हणूनच कुंपणाला लावलेल्या या झाडाच्या बिया खाऊन लहान मुलांना ओकाऱ्या व जुलाब होतात.

‘जे जनावर खाते ते माणसासही चालते’ हा तिसरा समज. शेळीचे पोट व माणसाचे पोट एक नव्हे. शेळी पचविते ते सर्व माणसास पचेलच असे नाही.

काही ठिकाणी अनोळखी पाला आधी त्वचेस, मग ओठास लावून व कणभर चघळून पारखण्याची रीत सांगितली जाते. ही रीत सर्व उपाय खुंटलेल्या सैनिकासाठी आहे. कळलावीचा कंद किंवा गुंजेचे बी यांच्या विषाची लक्षणे कित्येक तासांनी दिसतात. तोवर परीक्षा ‘उत्तीर्ण’ झाली असे वाटून माणूस पोटभर खाऊन बसतो. घरात ज्वारीचे पीठ असलेल्या कुटुंबाने असा प्रयोग करण्याचे कारण नाही.

नावानिशी ओळख

खरा उपाय एकच: प्रत्येक वनस्पतीची नावानिशी व तिच्या जोडीच्या फसव्या वनस्पतीसह ओळख करून घेणे. टाकळा व कासविंदा यांचे उदाहरण बोधप्रद आहे. टाकळ्याच्या पानास बहुधा पर्णिकांच्या तीन जोड्या असतात व पर्णिकेचे टोक गोलसर असते. कासविंद्याच्या पर्णिका अधिक जोड्यांच्या व टोकदार असतात. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना होणाऱ्या एका प्राणघातक आजाराचे मूळ कासविंद्याच्या शेंगा खाण्यात असल्याचे संशोधकांनी २००७ च्या सुमारास दाखवून दिले. त्याचप्रमाणे घोळीची पाने मांसल असून तिच्यात चीक नसतो. जमिनीलगत पसरणाऱ्या दुधीची काडी मोडताच पांढरा चीक येतो.

असे ज्ञान झाडाजवळ, जाणत्या व्यक्तीच्या सोबतीने व निरनिराळ्या हंगामांत पाहूनच मिळते. शाळा व महिला मंडळांनी पावसाळ्यात गावातील वडीलधाऱ्या स्त्रिया व मेंढपाळ यांच्यासमवेत शिवारफेरी काढावी. प्रत्येक भाजीचे स्थानिक नाव, खाण्याचा भाग, हंगाम, शिजविण्याची रीत व फसवी जोडी वहीत नोंदवावी. राज्याच्या कृषी विभागाने २०२० पासून ऑगस्ट महिन्यात रानभाजी महोत्सव भरविण्यास प्रारंभ केला. अशा प्रसंगी ही वही पडताळून घेता येईल. म्हसवड येथे २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘माणदेशी तरंग’सारखी सामुदायिक नभोवाणी ही माहिती गावच्या बोलीत पसरविण्यास उपयोगी आहे. मात्र ऐकलेल्या माहितीची खूणगाठ शिवारातच पक्की करावी.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. शंभर टक्के खात्री नसलेला पाला घरी आणू नये. शंका आल्यास टाकून द्यावा.

२. तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेल्या शेतातील, तसेच सांडपाण्याच्या कडेची भाजी खुडू नये.

३. कोवळे शेंडे खुडावेत, झाड मुळासकट उपटू नये. काही झाडे बीजासाठी राखावीत.

४. रानातील बिया व फळे विचारल्याशिवाय तोंडात न घालण्याची सवय मुलांना लावावी.

५. विषबाधेची शंका येताच घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. खाल्लेल्या वनस्पतीची फांदी, फळ वा उरलेली भाजी सोबत न्यावी. तिच्यावरून वैद्यांना उपचार ठरविणे सोपे जाते.

दूरचित्रवाणीने रानातील अन्नाविषयी कुतूहल जागे केले, हे तिचे काम मोलाचेच आहे. ते कुतूहल घेऊन तरुणांनी आजीबरोबर बांधावर जावे. दुष्काळी मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेले हे ज्ञान जाणत्या व्यक्तींबरोबर लोप पावल्यास ते कोणत्याही पडद्यावरून परत मिळणार नाही.