रेघ आणि जाळें

भूगोलाच्या तासास नकाशांतील लोहमार्गाच्या काळ्या रेघेवरून आपण बोट फिरवितों; परंतु ती रेघ एखाद्या गांवाच्या अलीकडेच कां थांबली, आणि किती वर्षें थांबली, हें आपण क्वचितच विचारतों. तें विचारण्यास आपल्या नव्या मुंबईइतकें सोयीचें ठिकाण दुसरें नाहीं.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, आणि पुढच्याच वर्षीं खाडी ओलांडून ती कल्याणास पोहोंचली. म्हणजे खाडीवर पूल बांधण्याची विद्या आपल्याकडे जुनीच. तरी त्याच खाडीच्या खालच्या अंगास, वाशीस, रूळ येण्यास १९९२ साल उजाडलें! सिडको ही संस्था १९७० सालीं स्थापन झाली, वाशीचा रस्त्याचा पूल १९७३ सालीं खुला झाला. मुंबईची गर्दी ओसरून येथें स्वतंत्र नगर वसावें, असा योजकांचा हेतु होता. पण नोकरी एका तीरावर, घर दुसऱ्या तीरावर आणि मध्यें बसची वाट. अशा स्थितींत बिऱ्हाड हलविण्यास कोण धजेल? अखेर लोहमार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के भार सिडकोनें उचलला, उरलेला रेल्वेनें. पुढें १९९८ सालीं गाडी पनवेलास गेली.

तरीही ती एक रेघच होती. वाशीहून ठाण्यास आगगाडीनें जावयाचें तर कुर्ल्याचा वळसा पडे. २००४ सालीं ठाणें-वाशी मार्ग सुरू झाला, तेव्हां कोठें रेघेचें जाळें झालें. जाळ्याचें बळ दोऱ्याच्या लांबींत नसतें, गांठींत असतें. स्वित्झर्लंड हा लहानसा डोंगराळ देश. तेथें १९८२ पासून गाड्या दर तासास ठरलेल्या मिनिटाला सुटतात, आणि मोठ्या स्थानकांत त्या एकाच सुमारास येतील अशी व्यवस्था पुढें केली गेली. उतारूनें एका गाडींतून उतरावें व दुसरींत बसावें, इतकें सोपें.

आतां उरणकडे पाहा. बंदरासाठीं व नगरासाठीं येथल्या आगरी-कोळी लोकांच्या जमिनी गेल्या. १९८४ सालीं दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालीं जासई परिसरांत जो लढा झाला, त्यांत गोळीबारांत पांच जण मरण पावले. न्हावा-शेवा बंदर १९८९ सालीं सुरू झालें. मालाच्या पेट्यांना रूळ मिळाले. माणसांची गाडी मात्र २०१८ सालीं खारकोपरपर्यंत आणि १२ जानेवारी २०२४ रोजीं उरणास पोहोंचली. त्याच दिवशीं २१.८ किलोमीटरचा अटल सेतूही खुला झाला, व सर्वांचे डोळे तिकडे लागले. सेतू भव्य आहे खरा. पण त्यावर दुचाकीस व रिक्षास मज्जाव आहे. मला अप्रूप उरणच्या साध्या गाडीचें.

त्याचें कारण सांगतों. ही गाडी नव्हती तेव्हां माझ्या वर्गांत उरणकडची एक मुलगी होती. ती पहांटे एस्. टी. धरीत असे, परंतु गव्हाण फाट्याशीं ट्रेलरांच्या रांगेंत बस अडकली कीं तिचा पहिला तास बुडे. मोऱ्याहून लाँच आहे, पण ती भाऊच्या धक्क्याला जाते. आमच्या बाजूस तिचा कांहीं उपयोग नाहीं. उशीर झाला म्हणून मीं त्या मुलीला अनेकदां वर्गाबाहेर उभें केलें. ती कधीं कांहीं बोलली नाहीं, आणि मींही नकाशा उघडून पाहिला नाहीं.

आतां एक अभ्यास करा. वेळापत्रक समोर घेऊन, उरणहून नेरुळास उतरणाऱ्या उतारूला ठाण्याच्या गाडीसाठीं किती मिनिटें थांबावें लागतें, तें सकाळच्या प्रत्येक गाडीपुढें लिहून आणा.