पाय हलतोय म्हणजे हाड शाबूत आहे, असं नाही

डिसेंबर लागला की आपल्या वस्तीतली पोरं-पोरी पहाटे पाचलाच घराबाहेर पडतात. कोणी पोलीस भरतीसाठी धावतं, कोणी कबड्डीच्या सामन्यांची तयारी करतं, रविवारचं क्रिकेट तर असतंच. वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या आम्हा बायकांना हे बघून बरं वाटतं, आणि थोडी धास्तीही वाटते. थंडीत आमच्याकडे मुरगळलेले पाय फार येतात.

एका मुलीचं आधी सांगतो. भरतीचं मैदान तीन आठवड्यांवर आलेलं. मुलींना ८०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि ४ किलोचा गोळा. सगळे मिळून ५० गुण. पहाटेच्या अंधारात रस्त्यावरच्या खड्ड्यात तिचा पाय गेला. घरी आत्याने गरम तेलाने चांगलं रगडून दिलं. संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा घोटा सुजलेला. पोरीने बोटं हलवून दाखवली, भिंतीला धरून दोन पावलं टाकली आणि म्हणाली, "ताई, हलतोय ना, मग मोडला कसा असेल?" आम्हीही मान डोलावली, मलम दिलं आणि परत आलो. चूक आमची होती. आमच्यातलीने नर्सिंगचा डिप्लोमा केलाय, वॉर्डात वर्षं काढलीत, तरी हाड दाबून बघितलं नाही. दहा दिवसांनी ती पुन्हा धावायला गेली आणि खालीच बसली. एक्स-रेत बाहेरच्या घोट्याचं हाड तडकलेलं दिसलं. सहा आठवडे प्लास्टर. त्या वर्षीचं मैदान गेलं, आणि बापाने मजुरीतून भरलेली अकॅडमीची फीही गेली.

तडकलेलं हाड हलतं. बोटंही हलतात. म्हणून हलवून बघू नका, या तीन गोष्टी बघा. एक, कशाचाही आधार न घेता चार पावलं टाकता येतात का? लंगडत टाकली तरी चालेल. दोन, घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली असतात, त्यांच्या टोकावर आणि मागच्या कडेवर बोटाने दाबा. टोकापासून वर साधारण ६ सेंटिमीटरपर्यंत दाबत जा. तीन, पायाच्या करंगळीपासून टाचेकडे येताना बाहेरच्या कडेला मध्यावर एक हाड लागतं, आणि आतल्या बाजूला घोट्याच्या थोडं पुढे दुसरं; तीही दाबा. पावलं टाकता आली नाहीत, किंवा यातल्या कुठल्याही हाडावर दाबल्यावर कळ आली, तर एक्स-रे काढायचाच. पाय वेडावाकडा दिसत असेल, बोटं बधिर किंवा गार पडली असतील तर दाबून बघत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या.

आता मालिशीचं. आत्याच्या मायेवर आमचा राग नाही. पण पाय मुरगळतो तेव्हा आतल्या बारीक रक्तवाहिन्या फाटतात आणि रक्त साकळतं. त्यावर शेक दिला, रगडलं की रक्तस्राव आणि सूज वाढते. म्हणून पहिले तीन दिवस तेल नाही, शेक नाही, चोळणं नाही. दारू पिऊन दुखणं विसरणंही नाही. बर्फ लावायचा, तोही फडक्यात गुंडाळून, १५ ते २० मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. घरात फ्रिज नसेल तर बादलीत गार पाणी घेऊन पाय बुडवा. थंडीत नळाचं पाणी तसंही गारच असतं. क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधत यायचं. बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर सैल करा. झोपताना पायाखाली दोन उशा.

मुरगळूच नये म्हणून काय करायचं? गार स्नायू ताठ असतात, म्हणून बिछान्यातून उठून थेट पळत सुटू नका. १०-१५ मिनिटं भरभर चालणं, हळू पळणं, गुडघे उचलणं, पाय पुढे-मागे झुलवणं. जोर लावून ताणायचे व्यायाम धावून झाल्यावर. स्वेटर अंग तापल्यावर काढा, आणि थांबलात की पुन्हा घाला. थंडीत तहान लागत नाही, तरी पाणी प्या. रोजचं अंतर एकदम वाढवू नका. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवल्यावर दुखत असेल तर धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. तसंच रेटून धावलं तर तिथे हाडाला तडा जातो.

अंधारात रस्त्यावर धावावं लागलंच तर उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं. अंगात पांढरा किंवा फिका शर्ट, कानात काही नको. जिथे कचरा पेटवलेला असतो तिथे धावू नका. गार हवेत धूर खालीच राहतो, आणि दम्याच्या पोरांना तो लगेच बाधतो.

आणि एक. मैदानात उतरण्याआधी दुखणं दाबणारी गोळी किंवा इंजेक्शन घेण्याची पद्धत पडते आहे. दुखणं दबतं, इजा तशीच राहते आणि धावून वाढते. रिकाम्या पोटी, पाणी न पिता त्या गोळ्या घेतल्या तर पोटाला आणि किडनीलाही त्रास होतो. कोणी ताकदीचं इंजेक्शन सुचवलं तर आमच्याकडे या, आम्ही त्याच्याशी बोलू. धावताना छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडलं, तर १०८ ला फोन करा. त्या दिवशी पुन्हा धावणं नाही.

पैशाच्या भीतीने एक्स-रे टाळू नका. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. महापालिकेची आणि मेडिकल कॉलेजची रुग्णालयं यात येत नाहीत, तिथे थोडं शुल्क पडू शकतं. डॉक्टरांसमोर नुसतं "पाय दुखतोय" म्हणू नका. कधी मुरगळला, चार पावलं टाकता येतात की नाही, कुठल्या हाडावर दाबल्यावर दुखतं आणि मालिश झाली असेल तर तीही, सगळं सांगा.